बाजू कोण मांडणार? अमेरिकेतले भूतानी निर्वासित आणि सामावले जाण्याचा प्रश्न

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात, कोलंबस शहराला लागून असलेल्या रेनॉल्ड्सबर्ग नावाच्या उपनगरात भुवन प्याकुरेल नगरपरिषदेवर निवडून आले. नेपाळी भाषक भूतानी निर्वासिताने अमेरिकेत निवडणूक जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर साडेपाच वर्षे उलटायच्या आत, मार्च २०२५ मध्ये, याच समाजातल्या काही जणांना अमेरिकी सरकारने विमानात बसवून भूतानला धाडले. भूतानने त्यांना ठेवून घेतले नाही. एखाद्या दिवसातच भारताच्या सीमेवर आणून सोडले. तिथून वाट काढत ते नेपाळला पोचले आणि काही जण पुन्हा त्याच बेलडांगीच्या छावणीत जाऊन टेकले, जिथून त्यांच्या कुटुंबांना मोठ्या गाजावाजाने अमेरिकेत नेले होते.

इतक्या थोड्या काळात हा समाज नगरपरिषदेच्या खुर्चीपर्यंत कसा पोचला आणि तरीही त्याच्या पायाखालची जमीन इतकी भुसभुशीत का राहिली, हे दोन्ही प्रश्न एकत्रच तपासावे लागतात. निर्वासितांविषयी लिहिताना बहुतेकदा कोणी त्यांना आसरा दिला, किती पैसा दिला, किती जणांना घेतले याचाच हिशेब मांडला जातो. निर्वासितांनी स्वतः काय उभे केले, हे त्या हिशेबात येतच नाही. माझे मत असे, की नव्या देशात पाय रोवण्याचे सर्वात भरवशाचे साधन म्हणजे निर्वासितांच्या स्वतःच्या संस्था. पण या संस्थांवर कामाचा बोजा टाकला जातो आणि निर्णयाच्या वेळी त्यांना बाहेर बसवले जाते. भूतानी निर्वासितांच्या गोष्टीत हे फार स्पष्ट दिसते.

भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नेपाळी शेतकरी वस्तीला गेले. रान तोडून त्यांनी भात, मका, संत्री, वेलची पिकवली. भूतानात त्यांना ल्होत्शाम्पा, म्हणजे दक्षिणेचे लोक, म्हणत. १९५८ च्या कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळाले. पुढे १९८५ चा नवा नागरिकत्व कायदा आला आणि १९८८ मध्ये दक्षिण भागात शिरगणती सुरू झाली. तिचा तपशील नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. ३१ डिसेंबर १९५८ रोजी आपण भूतानात राहत होतो याचा पुरावा प्रत्येकाने द्यायचा होता. पुरावा म्हणजे बहुधा त्या सालची जमीनसाऱ्याची पावती. तीस वर्षांपूर्वीचा तो कागद कुणाच्या घरी वाळवीने खाल्लेला, कुणाच्या घरी नुसताच हरवलेला. १९५७ ची किंवा १९५९ ची पावती दाखवणाऱ्यांनाही परत पाठवल्याच्या हकिकती छावण्यांमध्ये पुढे अनेकांनी नोंदवल्या. माणसांची सात गटांत विभागणी झाली. एफ-१ म्हणजे अस्सल भूतानी, एफ-७ म्हणजे परका. परदेशातून लग्न करून आलेल्या बायकोचा गट वेगळा, जावयाचा वेगळा. एकाच चुलीवरचे जेवणारी माणसे कागदावर वेगवेगळ्या गटांत जाऊन पडली.

याविरुद्ध पहिला आवाज दरबारातूनच उठला. राजाच्या सल्लागार मंडळात दक्षिणेचे प्रतिनिधी असलेल्या टेकनाथ रिझाल यांनी १९८८ मध्ये राजाकडे विनंतीअर्ज केला. अर्जाची किंमत म्हणून त्यांना पद गमवावे लागले, देश सोडावा लागला आणि १९८९ मध्ये नेपाळातून पकडून नेऊन भूतानच्या तुरुंगात टाकण्यात आले. सुटका झाली ती डिसेंबर १९९९ मध्ये. दरम्यान शाळांमधून नेपाळी भाषा काढून टाकली गेली, उत्तरेकडचा पोशाख आणि दरबारी रीतिरिवाज सक्तीचे झाले. १९९० च्या मोर्चांनंतर धरपकड, मारहाण, गावेच्या गावे रिकामी करणे सुरू झाले. जाणाऱ्यांकडून ‘आम्ही स्वखुशीने देश सोडत आहोत’ अशा मजकुराच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. या सह्यांनी पुढे फार नुकसान केले.

भूतान आणि नेपाळ यांची सीमा एकमेकांना लागत नाही, मध्ये भारत आहे. भारताने या लोकांना थांबू दिले नाही. ट्रकमध्ये भरून मेची नदीपलीकडे नेपाळात सोडले. माई नदीच्या वाळूत, माईधार येथे, पहिली पाले पडली. तिथे आमांशाने आणि गोवराने लहान मुले दगावत होती, आणि त्याच वाळूवर, झाडाखाली, भूतानातून हाकललेल्या शिक्षकांनी शाळा भरवायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय संस्था मोठ्या प्रमाणावर पोचल्या त्या नंतर. झापा आणि मोरंग जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या आणि लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली. छावण्यांचा रोजचा कारभार लोकांनी निवडलेल्या समित्या बघत: शिधावाटप, भांडणतंटे, झोपड्यांची डागडुजी. शिक्षक निर्वासित, आरोग्यसेवक निर्वासित, महिलांची संघटना त्यांची स्वतःची. वीस वर्षांच्या छावणीवासाने माणसे परावलंबी होतात असे सर्रास म्हटले जाते. या छावण्यांपुरते तरी ते विधान मला पटत नाही. पुढे अमेरिकेत ज्यांनी संस्था उभ्या केल्या, त्यांतल्या कित्येकांचे शिक्षण याच समित्यांमध्ये आणि याच शाळांच्या बाकांवर झाले होते.

मायदेशी परतण्याचे प्रयत्नही त्यांनीच केले. १९९६ मध्ये पायी भूतानकडे निघालेल्या मोर्चाला पश्चिम बंगालच्या पोलिसांनी अडवले आणि शेकडोंना अटक केली. नेपाळ आणि भूतान या दोन्ही सरकारांच्या वाटाघाटींच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. २००१ ते २००३ या काळात खुदुनाबारी या एका छावणीत पडताळणी झाली. निकाल असा लागला, की जेमतेम अडीच टक्के लोक ‘खरे’ नागरिक आणि सुमारे सत्तर टक्के लोक ‘स्वखुशीने’ देश सोडून गेलेले. धाक दाखवून घेतलेल्या त्या सह्या इथे कामी आणल्या गेल्या. पडताळणी करणाऱ्या पथकात दोन सरकारांचे अधिकारी होते. निर्वासितांचा प्रतिनिधी त्यात नव्हता, निष्पक्ष तिसरा पक्षही नव्हता. ज्यांच्या आयुष्याचा निवाडा चालला होता, त्यांची बाजू मांडायला त्या टेबलावर कोणीच नसावे, याहून मोठा अन्याय कोणता?

२००६ मध्ये अमेरिकेने साठ हजार लोकांना घेण्याची तयारी दाखवली आणि छावण्या दुभंगल्या. म्हाताऱ्यांना वाटत होते, आपण समुद्रापलीकडे गेलो की भूतानवरचा दावा संपला. तरुणांना आणखी वीस वर्षे बांबूच्या झोपडीत काढायची नव्हती. २००७ मध्ये बेलडांगीत हाणामारी आणि गोळीबारापर्यंत वेळ आली. २००८ पासून विमाने सुटू लागली ती जवळपास दशकभर सुटत राहिली. एक लाख तेरा हजारांवर लोक आठ देशांत गेले: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स, ब्रिटन आणि अमेरिका. त्यांपैकी सुमारे शहाण्णव हजार एकट्या अमेरिकेत. एवढा मोठा समूह जवळजवळ पूर्णपणे एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेल्याची उदाहरणे थोडीच आहेत.

अमेरिकेतली व्यवस्था १९८० च्या निर्वासित कायद्यावर चालते. केंद्र सरकार मोजक्या राष्ट्रीय संस्थांना दरडोई रक्कम देते. त्या संस्था घर भाड्याने बघून देतात, मुलांची नावे शाळेत घालतात, पहिली नोकरी लावून देतात. हे सगळे नव्वद दिवसांत. विमानाच्या तिकिटाचे पैसे कर्जाऊ असतात, ते हप्त्याने फेडायचे असतात. भर असतो चाकरीला लागण्यावर. कत्तलखाने, मांस आणि कोंबडी प्रक्रियेचे कारखाने, गोदामे, हॉटेलांची साफसफाई अशी कामे मिळाली. शेतकऱ्याच्या मुलाने पाळीत उभे राहून बारा-बारा तास कोंबड्या कापल्या. नव्वद दिवस संपले की संस्थेचा कार्यकर्ता पुढच्या कुटुंबाकडे वळतो. त्याचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण माणसाचे खरे प्रश्न एक्क्याण्णवाव्या दिवसापासून सुरू होतात.

ते प्रश्न किती जीवघेणे होते, हे सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत समोर आले. फेब्रुवारी २००९ ते फेब्रुवारी २०१२ या तीन वर्षांत अमेरिकेतल्या भूतानी निर्वासितांमध्ये १६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. दर लाखामागे २०.३ असे हे प्रमाण अमेरिकेच्या १२.४ या सर्वसाधारण प्रमाणाहून कितीतरी जास्त होते. बहुतेकांनी गळफास घेतला होता. घर चालवणारा म्हणून असलेले स्थान गेलेले, भाषा येत नसल्याने डॉक्टरपुढे आणि नातवापुढेही मुके झालेले, आधाराला शेजारपाजार नसलेले लोक जास्त धोक्यात होते. छावणीत निदान माणसे होती. इथे बंद दाराची सदनिका होती आणि खिडकीबाहेर बर्फ.

या संकटावर पहिली हालचाल केली ती समाजातल्याच तरुणांनी. पेन्सिल्वेनियात आणि इतरत्र भूतानी पुढाऱ्यांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण नेपाळीतून दिले गेले, म्हणजे शेजारच्या काकांचे जेवण तुटले, ते देवळात यायचे थांबले, तर काय विचारायचे आणि कुठे न्यायचे, हे निदान कोणाला तरी ठाऊक असावे. इंग्रजी बोलणारा समुपदेशक दुभाष्यामार्फत जे विचारू शकत नाही, ते ओळखीचा माणूस चहा पिता पिता विचारू शकतो. संस्थांच्या अहवालांत अशा कामाला स्वतंत्र रकाना नसतो. पण ज्या घरात माणूस वाचला, त्या घराला त्याची किंमत माहीत असते.

कोलंबसची भूतानीज कम्युनिटी ऑफ सेंट्रल ओहायो, पिट्सबर्गची भूतानीज कम्युनिटी असोसिएशन, हॅरिसबर्गची संस्था अशा डझनावारी मंडळांची सुरुवात साधारण सारखीच आहे. थोडेफार इंग्रजी येणारा एखादा तरुण दिवसा गोदामात काम करतो आणि रात्री लोकांची पत्रे वाचून दाखवतो. विजेचे बिल, शाळेची नोटीस, हॉस्पिटलची तारीख. फोन वाढत जातात, मग दोन-चार मित्र एकत्र येतात, पदरमोड करून संस्था नोंदवतात. हेच लोक पुढे नगरपालिकेत जाऊन बस मार्ग वाढवून मागतात, शाळा मंडळापुढे दुभाष्याची मागणी करतात. पाठपुराव्याचे राजकारण या पत्रवाचनातूनच जन्माला येते. रात्री ज्याने पन्नास घरांची बिले वाचली आहेत, त्याला विजेचा प्रश्न कुणी समजावून सांगावा लागत नाही.

या मंडळांच्या नागरिकत्वाच्या वर्गांकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. निर्वासिताला पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तरुणांना ती परीक्षा अवघड जात नाही. प्रश्न म्हाताऱ्यांचा आहे. १९९६ च्या कल्याणकायद्याने वृद्ध आणि अपंग निर्वासितांना मिळणारा मासिक निर्वाहभत्ता मुदतीने बांधला. आधी पाच वर्षे, मग १९९७ पासून सात वर्षे. सात वर्षांत नागरिक झाला नाहीत तर भत्ता बंद. म्हणजे ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, जिला नेपाळीही लिहिता येत नाही, तिने सत्तरीत इंग्रजी शिकायचे. अधिकाऱ्यासमोर एक वाक्य वाचून दाखवायचे, तो सांगेल ते एक वाक्य लिहायचे, आणि नागरिकशास्त्राच्या शंभर प्रश्नांतून विचारलेल्या दहांपैकी सहांची उत्तरे द्यायची. ऑक्टोबर २०२५ पासून ही परीक्षा आणखी कठीण झाली: १२८ प्रश्नांचा साठा, विचारायचे वीस, बरोबर हवेत बारा.

मंदिराच्या तळघरात, चर्चच्या सभागृहात, समाजमंडळाच्या भाड्याच्या खोलीत हे वर्ग भरतात. शिकवणारी बहुतेकदा समाजातलीच मुलगी असते, कॉलेज सांभाळून आलेली. राष्ट्राध्यक्षाचे नाव काय, ध्वजावर तारे किती, सेनेटर किती, हे ती आधी नेपाळीतून समजावते आणि मग इंग्रजी उत्तर घोटून घेते. बोटे वळत नाहीत, तिथे हात धरून अक्षर गिरवून घेते. ज्यांची स्मृती किंवा शरीर साथ देत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर परीक्षेतून सूट मिळू शकते. तो अर्ज नीट भरला गेला नाही तर फेटाळला जातो, म्हणून मंडळाचा कार्यकर्ता डॉक्टरकडे हेलपाटे घालतो. ज्यांना एका पावतीअभावी एका देशाने परके ठरवले, त्या पिढीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाचे, कुणी सहजासहजी हिरावून घेऊ शकणार नाही असे प्रमाणपत्र या वर्गातून मिळाले. लोकशाहीच्या बाजूने याहून खणखणीत काम मला दुसरे दिसत नाही.

याच वाटेने त्यांच्या आधी लाओसचे ह्माँग लोक गेले होते. अमेरिकेच्या बाजूने गुप्त युद्ध लढलेल्या या डोंगरी लोकांना १९७५ नंतर कॅलिफोर्निया, मिनेसोटा अशा राज्यांत आसरा मिळाला. त्यांची स्वतःची लाओ फॅमिली कम्युनिटी ही संस्था १९७७ पासून काम करू लागली. १९९६ च्या कायद्याने भत्त्यांवर गदा आली तेव्हा तेही असेच हवालदिल झाले. पण तोवर त्यांच्यापाशी वीस वर्षांची संघटना होती. त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले, आपल्या जुन्या सैनिकांना साक्षीला उभे केले आणि २००० साली ह्माँग सैनिकांना व त्यांच्या जोडीदारांना इंग्रजीच्या अटीतून सूट देणारा कायदा करून घेतला. दोनच वर्षांनी मी मुआ नावाच्या ह्माँग महिला मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आल्या. भूतानी समाजाकडे युद्धसेवेचा आधार नव्हता, पण समाजाची ताकद कायद्यापर्यंत कशी न्यायची, याचा धडा त्यांच्यासमोर तयार होता.

लोकांनी आणखी एक निर्णय सरकारला न विचारता घेतला. पुनर्वसन संस्थांनी त्यांना जॉर्जिया, टेक्सास, ॲरिझोना, न्यूयॉर्क अशा अनेक ठिकाणी विखरून ठेवले होते. एका शहरावर भार पडू नये आणि माणसे लवकर मिसळून जावीत, हा त्यामागचा हिशेब. थोडा पैसा साठताच कुटुंबे स्वतःच उठून ओहायो आणि पेन्सिल्वेनियाकडे निघाली. कारणे साधी होती: नातेवाईक, स्वस्त घरे, गोदामांतली कामे, देऊळ. कोलंबस हे अमेरिकेतल्या भूतानी समाजाचे सर्वात मोठे केंद्र झाले, अ‍ॅक्रनसारख्या ओस पडत चाललेल्या औद्योगिक शहरात नॉर्थ हिलच्या बंद दुकानांची दारे उघडली. एकत्र आल्यामुळे किराणा मालाची दुकाने चालली, क्रियाकर्माला भटजी मिळाला, आणि मतेही एका ठिकाणी आली. रेनॉल्ड्सबर्गचा विजय त्या स्थलांतराशिवाय झाला नसता. विखुरले म्हणजे माणसे मिसळतात, ही समजूत तपासून पाहायची वेळ आली आहे. एकत्र राहणाऱ्यांनीच इथे सार्वजनिक जीवनात आधी पाऊल टाकले.

अभ्यासकांचेही निष्कर्ष याच दिशेने जातात. आयरीन ब्लोमराड यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात बोस्टन आणि टोरांटो इथल्या पोर्तुगीज व व्हिएतनामी लोकांची तुलना केली. कॅनडात सरकार स्थलांतरितांच्या संस्थांना पैसा आणि मान्यता देते, म्हणून तिथे लोक लवकर नागरिक होतात आणि राजकारणात उतरतात, असे त्यांना आढळले. अमेरिकेत पोर्तुगिजांपेक्षा व्हिएतनामी लोकांनी जास्त संस्था उभारल्या, कारण निर्वासित म्हणून त्यांना सरकारी मदत मिळाली होती. म्हणजे समाजाची सक्रियता ही रक्तात असते किंवा नसते अशी गोष्ट नाही. सरकारचा हात पाठीशी असला तर ती वाढते.

हा हात किती आखडता असतो, हे मात्र जगभर सारखेच दिसते. २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसे घरादारातून विस्थापित झालेली होती. त्यांपैकी निर्वासित ४ कोटी २७ लाख, आणि त्यांतले सुमारे ७३ टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत. उदाहरणार्थ, युगांडातल्या कंपाला शहरात काँगोच्या तरुण निर्वासितांनी २००७ मध्ये यारिड ही संस्था काढली. इंग्रजीचे वर्ग, शिवणकाम, मुलांच्या शाळा असे काम सुरू केले. केट पिनकॉक, अलेक्झांडर बेट्स आणि एव्हन ईस्टन-कॅलाब्रिया यांनी युगांडा आणि केनियातल्या अशा संस्थांचा अभ्यास करून २०२० मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की निर्वासितांच्या संस्था खूप काही करतात, पण मोठ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणा त्यांना भागीदार म्हणून जवळ करत नाहीत. त्यांच्याकडे लेखापरीक्षण नाही, नोंदणी नाही, अनुभव नाही अशी कारणे पुढे करतात. पैसा न देता अनुभव कुठून यायचा? २०१६ च्या इस्तंबूल परिषदेत दात्यांनी मदतीचा चौथा हिस्सा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना देण्याचे ठरवले होते. त्या उद्दिष्टाच्या जवळपासही ते पोचले नाहीत. २०१९ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या जागतिक निर्वासित परिषदेत तीन हजारांच्या आसपास लोक जमले. त्यांत निर्वासित जेमतेम सत्तर. २०२३ मध्ये हा आकडा तीनशेवर गेला. सुधारणा आहे, हे मान्य. पण व्यासपीठावर बोलावून कहाणी सांगायला लावणे वेगळे आणि अंदाजपत्रक ठरवताना शेजारी बसवणे वेगळे. ही दुसरी गोष्ट अजून फारशी घडलेली नाही.

निर्वासितांच्या संस्था म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. भूतानी समाज आपल्यासोबत आपली उतरंडही घेऊन गेला. छावण्यांत आणि नंतर अमेरिकेतही पुढारीपण बव्हंशी बाहुन-छेत्री जातींच्या, शिकलेल्या पुरुषांकडे राहिले. दलितांना पाण्यापासून आणि देवळापासून दूर ठेवण्याच्या तक्रारी छावण्यांत होत्या. समाजाचा प्रतिनिधी म्हणून महापौरांना भेटायला जो जातो, तो विश्वकर्मा किंवा परियार अशा दलित कुटुंबातल्या बाईचे म्हणणे मांडतो का, हा प्रश्न महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही लगेच सुचेल. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचे आणि हिंदू मंडळांचे संबंधही सगळीकडे सुरळीत नाहीत. त्यामुळे एकाच मंडळाला संपूर्ण समाजाचा आवाज मानणे नगरपालिकेला सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. तरुणींनी वेगळे गट काढले, तेव्हा घरातली मारहाण आणि मुलींचे शिक्षण हे विषय उघडपणे बोलले जाऊ लागले.

अमेरिकन जनगणनेतही या समाजाला स्वतःची नोंद व्हावी म्हणून झगडावे लागते. घरी नेपाळी बोलतात, म्हणून अनेक जण स्वतःला ‘नेपाळी’ लिहितात, आणि ‘भूतानी’ म्हणून नोंदले जाणारे प्रत्यक्ष पुनर्वसितांपेक्षा फार कमी भरतात. संख्या कमी दिसली की दुभाषे कमी, दवाखान्याची तरतूद कमी. २०२० च्या मोजणीआधी मंडळांचे कार्यकर्ते घरोघर जाऊन अर्ज कसा भरायचा हे समजावत होते. ज्या समाजाची हकालपट्टी एका शिरगणतीने झाली, त्याच्या म्हाताऱ्यांना दारात आलेल्या मोजणीदाराची भीती वाटली तर नवल नाही. ती भीती सरकारी जाहिरातीने गेली नसती. ओळखीच्या माणसाने ती घालवली.

मराठी वाचकाला इथे उल्हासनगर आठवेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेले सिंधी लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. पण त्यांना नागरिक म्हणूनच स्वीकारले गेले. मताचा हक्क त्यांना मागावा लागला नाही, म्हणून बाजारपेठ आणि राजकारण दोन्हींत त्यांचे बस्तान लवकर बसले. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. त्यांची स्वतःची निवडून दिलेली संसद धर्मशाळेत आहे, सहकारी संस्था आहेत. तरीही बहुतेकांकडे परदेशी म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्रच असते. भारतात १९८७ च्या जुलैपूर्वी जन्मलेले तिबेटी कायद्याने भारतीय नागरिक आहेत, हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन एका तिबेटी तरुणीला सिद्ध करावे लागले. संघटना कितीही बळकट असली तरी नागरिकत्वाचा कागद नसला तर ती एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या भूतानी समाजाला ही मर्यादा कळली. ज्यांना पाठवले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांवर कधीतरी गुन्हा सिद्ध झालेला होता. काहींनी शिक्षा कित्येक वर्षांपूर्वी भोगून संपवली होती, मग नोकरी, लग्न, मुले असा संसार उभा केला होता. पण ते नागरिक झालेले नव्हते, म्हणून त्यांचा कायम वास्तव्याचा परवाना काढून घेता आला. ज्या देशाने त्यांना कधीच आपले मानले नाही, त्याच देशात त्यांना परत पाठवण्याचा आदेश निघाला. नेपाळात पोचलेल्यांना पोलिसांनी बेकायदा प्रवेशाबद्दल ताब्यात घेतले. प्रकरण नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिलमध्ये त्यांना तूर्त देशाबाहेर काढू नये असा आदेश झाला.

गुन्हा केलेल्यांचा कैवार घेणे कुठल्याही लहान समाजाला जड जाते. सगळ्यांची अब्रू पणाला लागते असे वाटते. अशा वेळी हॅरिसबर्ग भागातल्या एशियन रेफ्युजीज युनायटेड या संस्थेने आणि तिचे सहसंचालक रॉबिन गुरुंग यांनी हा प्रश्न हाती घेतला, तो टाळला नाही. वकिलांच्या संस्था गाठल्या, कोण पकडले गेले याच्या नोंदी ठेवल्या, कुटुंबांना हक्क समजावून सांगितले, पत्रकारांना आणि लोकप्रतिनिधींना माहिती दिली. ही माणसे भूतानात पोचली पण राहू दिली गेली नाहीत, हे जगाला कळले ते मुख्यतः या समाजाच्या आपसातल्या फोनांमुळे. पिट्सबर्गमधल्या भावाने झापातल्या मावशीला विचारले आणि माणूस सापडला. अमेरिका आणि भूतान या दोन्ही देशांच्या सरकारांकडून ही माहिती आपणहून आली नाही.

२०२५ च्याच जानेवारीत निर्वासितांचा प्रवेश थांबवण्यात आला, जुलैच्या कायद्याने नव्या निर्वासितांचा अन्नभत्त्यावरचा हक्क काढून घेतला गेला आणि पुढच्या आर्थिक वर्षासाठी प्रवेशाची कमाल मर्यादा साडेसात हजारांवर आणली गेली. पुनर्वसनाचा सरकारी पैसा आटला, तसे त्यावर चालणारे समाजमंडळांचे छोटे अनुदानही आटले. म्हणजे गरज वाढली त्याच वेळी हात कमी झाले. त्यातून नागरिकत्वाच्या वर्गांना गर्दी वाढली आहे, कारण आता प्रत्येकाला कळून चुकले आहे की कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड पुरेसे नाही.

भूतानात अजूनही हकालपट्टीच्या काळातले राजकीय कैदी आहेत. ह्यूमन राइट्स वॉचने २०२३ मध्ये किमान ३७ जणांची नोंद केली होती. त्यांतल्या काहींना जन्मठेप झाली आहे. नेदरलँड्समध्ये पुनर्वसित झालेल्या निर्वासितांनी त्यांच्या सुटकेची मोहीम उभी केली, ती संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपर्यंत नेली. नेपाळात छावणीत उरलेल्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. पुनर्वसनाची दारे बंद, भूतानची बंद आणि नेपाळ त्यांना कागद देत नाही. त्यांत आता अमेरिकेतून परत आलेले मिसळले आहेत. ओहायो आणि पेन्सिल्वेनियातली मंडळे सध्या तीन मागण्या घेऊन फिरत आहेत: अमेरिकेने भूतानला होणाऱ्या रवानग्या थांबवाव्यात, नेपाळने परत आलेल्यांना राहण्याचा कागद द्यावा, आणि भूतानशी होणाऱ्या कुठल्याही बोलण्यात या वेळी निर्वासितांच्या प्रतिनिधीला जागा असावी.